नवाश्मयुगीन घराचा आराखडा वाचताना

उत्खननाच्या अहवालातला घराचा आराखडा समोर आला की बहुतेकांची नजर भिंतींवर जाते. मी आधी चूल शोधते. उदाहरणाला तुर्कस्तानातलं चातालह्योयुक घेऊ. कोन्याच्या मैदानातली ही शेतकरी वस्ती इ.स.पू. 7100 च्या आसपास वसली आणि हजारेक वर्षं नांदली. घरं कच्च्या विटांची, एकमेकांना खेटलेली; ये-जा छतावरून.

आराखड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि उत्तर दिशा पक्की करा. दार शोधत बसू नका. दक्षिणेच्या भिंतीच्या गिलाव्यावर तिरकी खूण दिसली तर ती शिडीची. चूल तिथेच जवळपास असते, कारण माणसं जिथून उतरायची तिथूनच धूर बाहेर जायचा. तरी तो आत कोंडायचाच. इथल्या काही वयस्क माणसांच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला काजळी सापडली आहे. हे वाचल्यापासून चुलीची खूण मी कधी घाईत काढत नाही.

चुलीजवळची जमीन राखेने मळलेली, तर उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे ओटे पांढऱ्या गिलाव्याचे, स्वच्छ. ही सीमारेषा ठळक काढा.

मग धान्य. मुख्य खोलीला लागून अरुंद खोली असेल तर तिथे मातीचे पातळ भिंतींचे कप्पे बघा. गहू, बार्ली, वाटाणा, मसूर इथे पिकायचे. कप्पा रिकामा सापडला म्हणून घर गरीब ठरवू नका. ही माणसं घर सोडताना बहुधा ते झाडूनपुसून रिकामं करायची. साठा जागच्या जागी मिळतो तो मुख्यतः जळालेल्या घरांत. अख्ख्या गावाचं सामाईक कोठार इथे आढळलेलं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. साठवण घरागणिक होती.

आता ओट्यांकडे परत या, कारण माणसं पुरलेली आहेत ती बहुतेक त्यांच्याच खाली. इथे वेळ द्या. प्रत्येक खड्ड्याला दोन प्रश्न विचारा: तो कोणता थर फोडून खणला, आणि कोणत्या थराने झाकला? वर पुन्हा गिलावा असेल तर पुरल्यानंतरही घर वापरात होतं. मग सांगाड्याकडे. गुडघे छातीशी घेतलेले, हाडं सांध्यांत जुळलेली असतील तर देह अखंड पुरला गेला. हाडं कडेला सरकलेली दिसली तर घाईने विटंबना म्हणू नका. त्याच ओट्यात पुढचा माणूस ठेवताना आधीच्याची हाडं हलत. एका घराखाली तर साठहून जास्त माणसं निघाली. एवढ्या सगळ्यांना एकच कुटुंब समजण्याचा मोह आवरा. दातांच्या आकारावरचा 2011 चा अभ्यास सांगतो की एका घराखाली पुरलेले लोक जवळच्या रक्ताच्या नात्यातले असतीलच असं नाही.

हा साचा दुसऱ्या वस्तीवर जसाच्या तसा लावू नका. बलुचिस्तानातल्या मेहरगढला लहान लहान कप्प्यांच्या काही इमारती आहेत, त्यांना धान्याची कोठारं मानतात. तिथली दफनं घरांमधल्या मोकळ्या जागेत येतात आणि काहींत मृताबरोबर करडं पुरलेली आहेत. तिथला आराखडा घेतलात तर नवा ट्रेसिंग पेपर घ्या आणि भिंतींबाहेरच्या जागेपासून सुरुवात करा.