जुन्या युरोपियन गाण्या-नाचांचं शीट म्युझिक वाजवताय? या चुका टाळा

पीडीएफ उतरवली, प्रिंट काढली, चौघं वाजवायला बसलो आणि पहिल्या ओळीतच प्रत्येकाची सम वेगळी. आमच्या रेकॉर्डरच्या (उभ्या युरोपियन बासरीच्या) ग्रुपमध्ये सुरुवातीला हेच व्हायचं आणि आम्ही रियाज कमी पडतोय म्हणून घासत बसायचो, पण बऱ्याचदा चूक बोटांत नव्हतीच, कागद कसा वाचायचा तिथे होती.

सगळ्यात आधी हातात नक्की काय आलंय ते बघा. टिलमन सुसाटोने १५५१ साली अँटवर्पमध्ये छापलेला 'डान्सेरी' हा नाचांच्या चालींचा संग्रह घ्या, त्याच्या नावाने नेटवर मूळ पानांचे स्कॅन मिळतात, आजच्या नोटेशनमध्ये उतरवलेल्या आवृत्त्या मिळतात आणि ब्रास बँड वगैरेसाठी नव्याने बसवलेली अरेंजमेंटही मिळते. अरेंजमेंट वाईट असते असं नाही, पण त्यातले ढोल, टेम्पो, कुठे हळू कुठे जोरात, हे सगळं आजच्या माणसाचं असतं. सुसाटोने तर वाद्यंसुद्धा ठरवून दिलेली नाहीत, मुखपृष्ठावर सगळ्या वाद्यांवर वाजवायला सोयीचं असं म्हटलंय बस. चांगली आवृत्ती ओळखायची खूण म्हणजे पहिल्या ओळीच्या आधी एका छोट्या तुकड्यात मूळ क्लेफ (कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण) आणि सुरुवातीचे स्वर दाखवलेले असतात, आणि संपादकाने काय काय बदललं त्याचं एक पान असतं. प्रिंट काढताना लोक नेमकं तेच पान वगळतात!

स्कॅनवरूनच वाजवायचं असेल तर चारही पार्ट, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या चार आवाजांच्या ओळी, आलेत का ते तपासा, कारण तेव्हा प्रत्येक पार्टची वेगळी छोटी वही छापायचे, सगळे पार्ट एकाखाली एक असलेला स्कोअर मिळणारच नाही. बारलाइन, म्हणजे मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा, नसतात, त्यामुळे कोणी हरवलं तर 'पाचव्या बारपासून घेऊ' म्हणता येत नाही, सरळ त्या भागाच्या सुरुवातीला जा.

आता लय. हा सगळ्यात जास्त घोळ. जुन्या छपाईत पोकळ डोक्याचे स्वर भरपूर दिसतात, आपल्या डोळ्याला ते लांब वाटतात आणि मग चांगला नाच विलंबित होऊन बसतो. काही संपादक स्वरांचे काल निम्मे करतात, काही पाव, म्हणून एकच चाल दोन आवृत्त्यांत दोन वेगांची वाटते. कागदावरून वेग ठरवूच नका, पायावरून ठरवा. त्यासाठी थुआनो आर्बोचं १५८९ चं 'ऑर्केसोग्राफी' हे नाचाचं पुस्तक आहे, आर्बो हा फ्रान्समधल्या लांग्रचा एक धर्मगुरू, त्याने चालीच्या स्वरांशेजारी पावलं छापलीत. पावान या संथ चालत करायच्या नाचाला दोन साधी पावलं आणि एक दुहेरी, आणि चार आवाजांच्या पावानसोबत ड्रमचा ठेकाही दिलाय, एक लांब दोन छोटे. खोलीत खरंच चालून बघा. गॅलियार्ड या उड्यांच्या नाचामध्ये सहा मात्रांत पाच पावलं आणि शेवटाजवळ उडी, उडी मारून माणूस हवेत लटकायला लागला तर लय फार संथ आहे समजा. आम्ही हे केल्यावर एका संध्याकाळीत फरक पडला, मला अजून तो दिवस आठवतो.

'शेवट बेसूर लागतोय' ही दुसरी नेहमीची तक्रार. भातखंडे पद्धतीत लिहिलेली बंदिश जशी गाणाऱ्याला राग माहीत आहे असं धरून चालते तसंच इथे, कितीतरी शार्प (स्वर अर्ध्या सुराने चढवायच्या खुणा) लिहिलेलेच नसत, वाजवणारा आपणहून घ्यायचा. ढोबळ नियम असा की सा-नी-सा असं जाऊन जो आवाज थांबतो त्याचा कोमल नी तिथे शुद्ध होतो. आजचे संपादक ही खूण स्वराच्या डोक्यावर छोटी करून देतात, ती सजावट नाही, वाजवायची आहे, पण फक्त त्याच स्वरापुरती. ई (E) या स्वरावर थांबणाऱ्या चालीत मात्र हे करू नका.

सगळे स्वर बरोबर तरी काहीतरी उलटं वाटत असेल तर सप्तक बघा. रेकॉर्डर बरेचदा लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतात. चारही पार्ट तसेच वर गेले तर काही बिघडत नाही, पण बासचा (सगळ्यात खालचा) पार्ट रेकॉर्डरवर आणि टेनरचा (त्याच्या वरचा) व्हायोलावर दिला की बास टेनरच्या डोक्यावर चढतो आणि सगळा पायाच हलतो. बास चेलोला द्या, प्रश्न मिटतो. प्रिटोरियस या जर्मन संगीतकाराच्या १६१२ च्या 'टर्प्सिकोरे' या संग्रहात ३१२ नाच आहेत, त्यात चार, पाच, सहा पार्टचे सगळे आहेत, चौघं असाल तर चारचेच निवडा.

१४व्या शतकातल्या इस्टाम्पिता (अनेक भागांच्या वाद्यांवरच्या चाली) वाजवणाऱ्यांना वाटतं चाल मध्येच तुटली. तुटलेली नसते. प्रत्येक भाग दोनदा वाजतो, पहिल्यांदा उघडा (अधांतरी ठेवणारा) शेवट, दुसऱ्यांदा बंद (पूर्ण थांबणारा), आणि हे शेवट हस्तलिखितात बहुतेक एकदाच लिहून पुढे नुसती खूण असते, मागे जाऊन जोडून घ्या.

आणि प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाच्या १६५१ च्या 'इंग्लिश डान्सिंग मास्टर' या पुस्तकात १०५ नाचांची फक्त एकेक चाल आहे, खालचे पार्ट शोधत रात्री घालवू नका, ते त्यात छापलेलेच नव्हते. एका फिडलवर पूर्ण होणारं काम आहे ते, गिटारवाला असेल तर त्याला कॉर्ड स्वतः लावू द्या.