कुणाला ढोंगी म्हणण्याआधी काय काय तपासायचं

एखाद्या नेत्याचं जुनं भाषण आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावायचा, खाली "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" लिहायचं, झाली पोस्ट. तासाभरात ती सगळ्या ग्रुपवर फिरते. असल्या पोस्ट बंद व्हाव्यात असं मला अजिबात वाटत नाही, सत्ता आणि पैसा असलेल्या माणसाला त्याचेच शब्द ऐकवता येणं हे आपल्या हातातलं फार मोठं हत्यार आहे. पण ते ज्याच्या त्याच्यावर उगारलं की बोथट होतं आणि मग खरा ढोंगी समोर आला तरी लोक म्हणतात "हे काय रोजचंच".

तर आधी बघायचं ते म्हणजे माणूस नक्की काय बोलला होता. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवूच नका, खोटं ट्विट बनवायला दोन मिनिटं लागतात. त्या माणसाच्या अकाउंटवर जा, पूर्ण व्हिडिओ शोधा, अर्ध्यात कापलेल्या क्लिपच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य ऐका, तारीख लिहून घ्या. मग त्याने काय केलं त्याचाही तसाच पुरावा आणि तीही तारीख. बऱ्याच वेळा इथेच कळतं की फोटो आधीचा आहे आणि उपदेश नंतरचा, किंवा तो जे बोलला ते वेगळंच होतं आणि लोकांनी आपल्याला हवं तसं सोपं करून फिरवलंय.

तारखा जुळल्या तरी लगेच पोस्ट करू नका, माणसाने मत बदललंय का ते बघा. मत बदलणं हा गुन्हा नाही! बराक ओबामा २००८ च्या निवडणुकीत समलिंगी विवाहाच्या बाजूने नव्हते आणि मे २०१२ मध्ये त्यांनी जाहीर पाठिंबा दिला, आता नुसत्या या दोन वाक्यांवरून त्यांना ढोंगी म्हणता येत नाही. पण पुढे २०१५ मध्ये त्यांचेच जुने सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी लिहिलं की त्यांचा पाठिंबा आतून आधीपासूनच होता, राजकीय अडचण नको म्हणून ते वेगळं बोलत होते. ओबामांना ते मान्य नव्हतं. म्हणजे वाद घालायचाच असेल तर तो २००८ साली ते खरं बोलत होते का यावर घाला, २०१२ मध्ये बदलले यावर नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नियम कुणी केला आणि तो मोडल्यावर शिक्षा कुणाला होत होती? ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचं प्रकरण आठवा. ब्रिटनमध्ये लॉकडाऊनचे नियम त्यांच्याच सरकारने केले, लोकांना मरणाऱ्या आईबापांना भेटता आलं नाही, अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं, आणि त्याच काळात पंतप्रधानांच्या ऑफिसात पार्ट्या झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये ते संसदेत म्हणाले की सगळे नियम पाळले होते, एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांनाच दंड केला, त्या पार्ट्यांसाठी सगळ्यांचे मिळून एकूण १२६ दंड निघाले. इथे नियम करणारा तो, मोडणारा तो, वर नाही म्हणणाराही तोच! असल्या वेळी गप्प बसूच नये, जोरात बोलावं. एलियट स्पिट्झर यांचंही तसंच, न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल (म्हणजे सरकारचे मुख्य वकील) असताना वेश्याव्यवसायाच्या रॅकेटवर खटले भरले आणि गव्हर्नर झाल्यावर २००८ मध्ये स्वतःच ग्राहक म्हणून सापडले, राजीनामा द्यावा लागला.

याच्या शेजारी हवामान बदलासाठी आंदोलन करणारी ग्रेटा थुनबर्ग ठेवून बघा. २०१९ मध्ये विमान नको म्हणून ती पोरगी बोटीने अटलांटिक पार करून न्यूयॉर्कला गेली तर लोक म्हणाले बोटीचे कर्मचारी विमानाने येणार-जाणार, मग काय उपयोग. तिने कुणावर विमानबंदीचा कायदा लादला नव्हता, दंड केला नव्हता, आणि स्वतः होता होईल तेवढं पाळत होती. ज्या जगात राहतो त्यातल्या सोयी वापरून त्याच जगाबद्दल तक्रार करणारा प्रत्येक जण ढोंगी धरला तर तोंड उघडायचा हक्क कुणालाच उरणार नाही.

सेलिब्रिटींच्या बाबतीत पैसा बघा. अक्षय कुमार यांनी तंबाखूविरोधी जाहिरात केली होती आणि २०२२ मध्ये ते एका पानमसाल्याच्या नावाने चालणाऱ्या वेलचीच्या जाहिरातीत दिसले, लोक चिडले ते बरोबरच होतं, कारण चांगल्या कामातून मिळालेला विश्वासच तिथे विकला जात होता. त्यांनी माफी मागितली, जाहिरातीतून बाहेर पडलो म्हणाले, मानधन चांगल्या कामाला देणार असं सांगितलं, पण करार संपेपर्यंत जाहिरात चालू राहू शकते हेही सांगितलं. पोस्ट लिहिताना हे सगळंच लिहायचं, माफी गाळायची नाही आणि ती करारवाली ओळही नाही.

नवरा, बायको, पोरं यांनी केलेलं त्या माणसाच्या खात्यावर टाकू नका, त्याने स्वतः त्यात काही फायदा घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. माणूस ढोंगी निघाला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. थॉमस जेफरसन यांनी १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत असं लिहिलं आणि आयुष्यभरात त्यांच्याकडे ६०० हून जास्त गुलाम होते. भयंकर ढोंग, पण वाक्य खरंच आहे आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी तेच वाक्य वापरलं. म्हणून हवामान बदलावर उपदेश करून स्वतः प्रायव्हेट जेटने फिरणाऱ्या हिरोवर जरूर टीका करा पण त्यावरून हवामान बदल खोटा असं कुणी म्हणायला लागला तर तिथेच थांबवा, हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

शेवटी पाठवायच्या आधी तोच मजकूर तुमच्या आवडत्या नेत्याचं नाव घालून एकदा वाचा. वाचताना "अहो पण त्या वेळची परिस्थिती वेगळी होती" असं तोंडात आलं तर ती परिस्थिती समोरच्याच्या बाबतीतही तपासा, आणि मग पाठवायचं की नाही ते ठरवा.