सर्जन पारखला, भूलतज्ज्ञाचं काय? या चुका टाळा

लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, करायचं ठरलं की लोक 'आधी-नंतर'चे फोटो तासन्‌तास चाळतात, पॅकेजवर घासाघीस करतात. भूल कोण देणार, हे मात्र ओटीच्या दारात गाऊन घातल्यावर आठवतं.

“जागेवरच बधिर करतो, भूलतज्ज्ञ कशाला?” या उत्तरावर निर्धास्त होणं ही पहिली चूक. लायपोसक्शनमध्ये लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रिनलिन (रक्तस्राव कमी करणारं) मिसळलेलं सलाइन लिटरच्या हिशेबाने त्वचेखाली सोडतात. लिग्नोकेनचा डोस वजनावर ठरतो. तो जास्त झाला तर तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो, पुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. हे औषध रक्तात हळूहळू उतरतं, म्हणून त्रास घरी गेल्यावरही सुरू होऊ शकतो. यावर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवाची, बाटली लागते. ती ओटीत आहे का, हे बेधडक विचारा. प्रश्नच कळला नाही तर दुसरीकडे चला.

“थोडीशी झोप देतो” हे तर आणखी फसवं. त्यासाठी शिरेतून देतात त्या प्रोपोफॉलमध्ये झोप लागणं आणि श्वास थांबणं यांत अंतर फार थोडं, आणि त्यावर उतारा नाही. सर्जनचे हात आणि डोळे शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात, त्यामुळे श्वासाकडे बघायला दुसरा डॉक्टर हवाच. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा आकडा उशिरा घसरतो. कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) श्वास अडल्याचं आधी दिसतं.

आपल्याकडे छोट्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतो, एका दिवसात दोन-तीन ठिकाणं करतो. त्यात गैर काही नाही. पण तुम्ही नीट शुद्धीवर येईपर्यंत तो थांबणार का, आणि आदल्या दिवशी तपासणार का? चांगला भूलतज्ज्ञ तोंड उघडायला लावतो, मान मागे करायला सांगतो, जिना चढताना धाप लागते का, घोरता का, हेही विचारतो. वजन कमी करायचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड घेत असाल तर त्याला सांगाच. “ते काय औषध आहे का” म्हणून लोक लपवतात. पण त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि उपाशी राहूनही उलटी फुप्फुसात जायचा धोका उरतो.

जागेचे कागद कोणी बघत नाही. २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला. त्या केंद्राचा परवाना पॉलिक्लिनिक आणि दवाखान्यापुरताच होता, असं नंतरच्या चौकशीत पुढे आलं. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालचं प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत वाचा. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी असावी. भूलतज्ज्ञाची अ‍ॅनेस्थेशियातली एमडी, डीएनबी किंवा डीए. दोघांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. पाटीवरचं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही शस्त्रक्रियेची पदवी नव्हे.

एकाच दिवशी पोट, मांड्या, हात असं सगळं उरकायचा मोहही नको. चरबी आणि द्रव मिळून पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर रात्रभर रुग्णालयात राहायची तयारी ठेवा.

आयसीयू असलेल्या कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि अँब्युलन्स कुठून येणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. डिस्चार्ज कार्डावर रिसेप्शनचा नको, रात्री दोनला फोन उचलेल अशा डॉक्टरचा नंबर लिहून घ्या.