शोभेचं गवत माजलंय? आधी दोरी, मग कात्री

शोभेच्या गवताचं बेट फार फोफावलं की लोक थेट कात्री चालवतात आणि मग अख्ख्या बागेत पसरलेली पाती वेचत बसतात. त्याऐवजी बेटाला मध्यावर सुतळीने घट्ट आवळून बांधा. मग दोरीच्या खालून कापलं की पेंढीच्या पेंढी हातात येते, उचलून टाकली की काम झालं.

पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे मात्र हवेतच. पात्यांच्या कडांना सिलिकाचे बारीक दाते असतात, पंपास गवताचे तर करवतीसारखे. उघड्या हाताने पातं ओढलं तर बोट कापलंच म्हणून समजा.

पाती वाळून पिवळी पडणाऱ्या जाती (मिस्कॅन्थस, फाउंटन ग्रास) हिवाळा सरताना, नवे कोंब वर यायच्या आत, जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटरवर छाटा. उशीर झाला तर कोवळ्या कोंबांचे शेंडेही कापले जातात आणि पुढे बरेच दिवस ती बोथट टोकं दिसत राहतात. निळी फेस्क्यू किंवा केरेक्ससारख्या सदाहरित जातींना अशी मुळापासून छाटणी मानवत नाही. त्यांच्यात मोजे घातलेली बोटं फिरवून सुकी पाती विंचरून काढायची, बस.

बेट मधोमध पोकळ, वाळकं दिसतंय? मग छाटून भागणार नाही. नवी वाढ सुरू होताना गड्डा उपटा, फावड्याने किंवा जुन्या करवतीने तुकडे करा, बाहेरचे जोमदार तुकडे लावा आणि मधला मेलेला भाग बिनधास्त फेकून द्या.