बेलाजिओला जायचंय? व्हारेन्नाचं तिकीट काढा

इटलीतल्या लेक कोमोच्या काठावरच्या बेलाजिओला रेल्वे स्टेशनच नाही. त्यामुळे बरेच जण मिलानहून कोमो गाठतात आणि पुढे बसमध्ये तासाहून जास्त किंवा संथ बोटीत दोन तास घालवतात. त्यापेक्षा समोरच्या काठावरच्या व्हारेन्ना गावामार्गे असं जा:

१. मिलानो चेंत्राले (मिलानचं मुख्य स्टेशन) ते व्हारेन्ना-एझिनो (व्हारेन्नाचं स्टेशन) तिकीट काढा. तासाभराचा प्रवास. रीजनल गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आगाऊ बुकिंगची घाई नको.
२. स्टेशनच्या बोर्डावर व्हारेन्ना शोधू नका, तिथे शेवटचं स्टेशन लिहितात. ‘तिरानो’ किंवा ‘सोंद्रियो’ बघा.
३. डाव्या खिडकीशी बसा. लेक्कोनंतर तळं अगदी रुळांना लागून येतं, फार सुंदर दिसतं!
४. उतरून धक्क्यावर चालत जा. फेरीबोटीने बेलाजिओ पंधरा मिनिटांवर.

कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो.