स्कीइंगचे व्हिडिओ बोअर होतायत? आधी कॅमेरा हेल्मेटवरून काढा

पहिल्यांदा अ‍ॅक्शन कॅमेरा हेल्मेटवर लावून दिवसभर स्कीइंग केलं आणि रात्री सगळ्यांना बसवून कौतुकाने दाखवायला घेतलं, तर पाचव्या मिनिटाला एक जण पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. त्याचं काय चुकलं म्हणा, स्क्रीनवर होतं काय तर पांढरा बर्फ, खाली माझ्या स्कीची दोन टोकं आणि वाऱ्याचा घूंघूं आवाज. आणि ज्या उतारावर माझे पाय लटपटत होते तो व्हिडिओत चक्क अंगणासारखा सपाट!

हे सगळ्यांचंच होतं. या कॅमेऱ्यांची लेन्स फार वाइड असते, त्यामुळे जवळचं मोठं दिसतं आणि जरा लांबचं एकदम मुंगीएवढं. त्यात कॅमेरा तुमच्याबरोबर सरळ उताराच्या दिशेने बघत असतो, फ्रेममध्ये उभं असं काही नसतं, मग उतार किती तिरका आहे हे डोळ्याला कळणार कसं? म्हणून उताराला आडवं उभं राहून स्की करणाऱ्या मित्राला बाजूने शूट करा, क्षितिज सरळ ठेवा आणि फ्रेममध्ये एखादं झाड नाहीतर लिफ्टचा खांब येऊ द्या. खांब सरळ उभा आणि बर्फ तिरका, बास, लगेच समजतं की हा गडी कुठून खाली येतोय. पण लांब उभं राहू नका हं, तो तुमच्यापासून दोन-तीन मीटरवरून जाईल असं आधीच ठरवून घ्या.

खरी मजा मात्र मागून जाऊन शूट करण्यात आहे. सेल्फी स्टिकसारख्या काठीवर कॅमेरा लावायचा, काठी एका हातात, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, आणि मित्राच्या बरोब्बर मागे नाही तर मागे एका बाजूला राहायचं. वळण घेताना त्याच्या स्कीच्या कडेने बर्फाचा जो फवारा उडतो तो खालून आणि जवळून घेतला की वेग अंगावर येतो, तोच फवारा डोक्याच्या उंचीवरून घ्या, कोणीतरी पिठाची चिमूट उडवल्यासारखा दिसतो. स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही, लेन्स वाइड आहे, अंदाजाने रोखली तरी माणूस फ्रेममध्ये येतोच. आणि कॅमेरा त्याच्याकडे द्या जो दोघांत जास्त चांगला स्की करतो. उलटं केलं तर शॉट पण जातो आणि कधी कधी गुडघा पण. एका हातात काठी धरून वळणं घेणं वाटतं तितकं सोपं नसतं, आधी सोप्या उतारावर दोन-चार फेऱ्या नुसत्या मारून बघा.

एक महत्त्वाचं, एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) जे स्कीइंगचे १० नियम आहेत त्यात मागच्याने पुढच्याला धोका होणार नाही असा रस्ता निवडायचा असं स्पष्ट आहे, थोडक्यात कॅमेरावाला तुम्ही असाल तर जबाबदारी तुमची. निघण्याआधी वर बघा, आणि थांबून शूट करायचं असेल तर कडेला थांबा, अरुंद जागी किंवा वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा उंचवट्यामागे तर मुळीच नाही.

एकटेच असाल तर छातीवरचा पट्टा हेल्मेटपेक्षा बरा, हात, काठ्या, गुडघे सगळं फ्रेममध्ये येतं आणि बघणाऱ्याला आपणच उतरतोय असं वाटतं. फक्त स्की करताना आपण पुढे वाकतो ना, तेव्हा लेन्स वाटतं त्यापेक्षा बरीच वर करून ठेवा, नाहीतर अख्खा व्हिडिओ बुटांचा.

सेटिंगचं फार डोकं खाऊ नका. मी ४के आणि सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवतो, म्हणजे एडिटिंग करताना हवं तिथे ३० च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवता येतं, उड्या असतील तर १२०. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करणारी सोय, चालू. बर्फात खरी भानगड होते ती एक्स्पोजरची, म्हणजे फ्रेम किती उजळ येते त्याची. कॅमेऱ्याला वाटतं समोरचं सगळं मध्यम राखाडी असावं, मग एवढा पांढरा बर्फ बघून तो फ्रेम अंधारी करून टाकतो आणि बर्फ मळक्या चादरीसारखा येतो. एक्स्पोजर +०.५ करून एक छोटा शॉट घ्या आणि मोठा करून बघा, बर्फावरच्या स्कीच्या रेघा दिसतायत का? दिसत असतील तर ठीक, नुसता पांढरा पट्टा असेल तर परत खाली आणा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडला तर ऊन-सावलीत बर्फाचा रंग सारखा बदलत राहतो, म्हणून उन्हात ५५०० केल्विनवर लॉक. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्याच पडत नाहीत आणि खड्डा-उंचवटा काही कळत नाही, तेव्हा झाडांच्या जवळ शूट करा, खोडं गडद असतात त्यामुळे फ्रेमला जीव येतो.

थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. लेन्सवर बर्फ पडला तर तोंडाने फुंकर मारू नका, वाफ जमून वर गोठते, मायक्रोफायबरचं फडकं वापरा. आणि गार कॅमेरा घेऊन डायरेक्ट उबदार खोलीत गेलात की लेन्सवर धुकं जमणारच, आत शिरायच्या आधी हवाबंद पिशवीत टाका आणि कॅमेरा खोलीइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका. मी घाई केली होती एकदा, जेवणानंतरचे सगळे शॉट दुधात बुडवल्यासारखे आले. कॅमेऱ्याला दोरी पण बांधा, ताज्या भुसभुशीत बर्फात पडलेला कॅमेरा शोधणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

एडिटिंगमध्ये निर्दय व्हा. दिवसभराचं दोन-तीन मिनिटांत बसवा, एक शॉट तीन ते पाच सेकंद, वळण सुरू झाल्यावर आत शिरायचं आणि संपायच्या आधी बाहेर. मधेमधे लिफ्टवर लोंबकळणारे पाय, बूट बंद करताना होणारा कटकट आवाज, गॉगलवर पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब असलं काहीतरी टाका, नाहीतर उतारामागून उतार बघून माणूस थकतो. वाऱ्याचा आवाज काढून टाका पण स्कीची कड बर्फाला घासते तो खर्रर्र आवाज ठेवा, गाण्याखाली हळू का होईना. कोणी पडलं असेल आणि त्याची हरकत नसेल तर तो शॉट कापू नका, फक्त पडायच्या दोन सेकंद आधीपासून घ्या आणि तो उठून तोंडातला बर्फ थुंकेपर्यंत चालू द्या.