साडेसहा महिन्यांचं लेकरू वाचंल का? अंदाज कसा घ्यायचा

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, ड्युटी असली की दारातून पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, वजन किती भरलं?" वजन पाहावंच लागते, पण एकट्या वजनावर काही ठरवू नका बाप्पा. 28 आठवड्यांच्या आत झालेलं लेकरू असलं तर आधी आठवडे मोजा. आपल्याकडं महिने मोजतात, कोणी सातवा लागला म्हणते कोणी साडेसहा, त्यात दोन-तीन आठवडे इकडंतिकडं होतात आणि इथं तर एकेका आठवड्यानं गणित बदलते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शोधून आणा, दिवस तिच्यावरूनच नीट निघतात. आणि ते सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही म्हणतात ना, साफ खोटं आहे, आठव्याचं जास्त जगते. माझ्या सासूबाईला अजून पटलं नाही ते सोडा.

अमेरिकेत 22 ते 25 आठवड्यांच्या बाळांवर झालेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये आला, त्यात आठवड्यांसोबत चार गोष्टी धरल्या होत्या. मुलगी असणं, जुळं नसून एकटं असणं, वजन 100 ग्रॅमनं जास्त असणं, आईला आधी स्टेरॉइड मिळालेलं असणं, यातली एकेक गोष्ट जवळपास एक आठवडा जास्त पोटात राहिल्याएवढी कामी येते. पोरी चिवटच असतात. पण त्यावरून केलेलं कॅल्क्युलेटर मोबाईलवर उघडून आम्हाला टक्के दाखवू नका, ते तिकडच्या दवाखान्यांचे टक्के आहेत. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगते की 28 आठवड्यांआतली बाळं गरीब देशांत 90 टक्क्यांहून जास्त पहिल्या काही दिवसांतच जातात, श्रीमंत देशांत 10 टक्क्यांहूनही कमी. म्हणजे लेकरू कुठं जन्मलं हेही अंदाजात धरावंच लागते.

मुलगी-मुलगा आपल्या हातात नाही, पण दोन गोष्टी आहेत. दिवस भरायच्या खूप आधी कळा लागल्या किंवा पाणी गेलं तर रात्र काढू नका, आशाताईला उठवा, 108 लावा. वर सांगितलेलं स्टेरॉइड म्हणजे आईला द्यायची डेक्सामेथासोनची सुई, 6 मिलिग्रॅमची, दर 12 तासांनी, अशा चार, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ती द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण "सुई दिली का, किती वाजता?" हे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. दुसरं म्हणजे, जमत असंल तर बाईला पोटातल्या लेकरासकट नागपूर, सेवाग्राम इथल्या मोठ्या दवाखान्यात हलवा, बाळंत झाल्यावर इवल्याशा जिवाला घेऊन धावण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आमच्याकडं लेकरं कापसात गुंडाळून येतात, वरून कापूस आणि आत अंग थंडगार. अंगाचं तापमान 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका वाढतच जातो. हलवायची वेळ आलीच आणि बाळ श्वास नीट घेत असंल तर आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोक्यात टोपी घाला, वरून पांघरूण.

जन्मानंतर पहिला अंदाज धरून बसू नका, तो रोज बदलते. पहिले 72 तास मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका सर्वात जास्त, त्यानंतर इन्फेक्शन आणि आतड्याच्या आजाराची भीती. रोज डॉक्टरांना एवढंच विचारा: श्वासाला मशीन किती लागत आहे, दूध पचते का, मेंदूची सोनोग्राफी कधी. आणि लेकरू तीन आठवडे टिकलं तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी कोणत्या तारखेला आहे ते विचारून फाईलवर लिहून घ्या, घरी गेल्यावर हेच राहून जाते.